आत्रामांचा आराम

दोन-तीन विकांत इथे काही लिहिलं नाही. कारण एकच, रिलीज. हापिसातलं नव्हे. हापिसात तारीख वरून येते, आपण मान डोलवायची आणि शनिवार-रविवार विसरायचा, बस. हे आमचं घरचं रिलीज होतं. म्हणजे हौसेचं, फुकट, ओपन सोर्स. आणि मंडळी, अनुभवाने सांगतो, घरच्या लग्नात आणि घरच्या रिलीजमधे भांडणं जास्त होतात. इथे कोणीच कोणाचा साहेब नसतो ना!

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. आम्ही चौघं मिळून काही वर्षं एक छोटासा प्रोग्रॅम सांभाळतोय. मी पुण्यात, एक ठाण्यात, एक नागपुरात आणि एक न्यू जर्सीत. जुन्या फॉन्टमधे टाइप केलेला मराठी मजकूर आमचा प्रोग्रॅम युनिकोडमधे बदलून देतो. कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएमचे फॉन्ट वगैरे. या फॉन्टमधे पडद्यावर मराठी दिसतं, पण आत संगणकाच्या दृष्टीने सगळी इंग्रजी अक्षरंच असतात. कृतिदेवमधला 'कि' म्हणजे खरं तर 'एफ' आणि 'डी'. त्यातही वेलांटी आधी आणि 'क' नंतर, कारण टाइपरायटरवर ती तशीच उमटायची. युनिकोडमधे उलटं, आधी 'क' मग वेलांटी. म्हणजे प्रत्येक ऱ्हस्व वेलांटीला उचलून पुढच्या अक्षराच्या पलीकडे नेऊन ठेवायचं. रफाराला उचलून मागे आणायचं. दिवसभर हमाली, दुसरं काय :)

"हे अजून कोणाला लागतं?" असं पुण्यातले मित्र विचारतात. ज्यांची बोटं रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर तयार झाली त्यांना लागतं. त्यांचा मजकूर डोक्यातून नाही, बोटांतून येतो. आणि सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा तर युनिकोडच हवं. मधला पूल म्हणजे आमचा प्रोग्रॅम.

तर यंदा २.० काढायचं ठरलं. मार्च महिन्यात एका शनिवारी रात्री चौघं फोनवर बसलो (न्यू जर्सीवाल्याची सकाळ) आणि कामांची यादी केली.

पहिलं काम 'शेतकऱ्यांना'. हा शब्द आमच्याकडे नीट येत नव्हता! मराठीतला तो आडवा अर्धा र, दऱ्या-सुऱ्यांतला, युनिकोडमधे दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्याच्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. आमचा प्रोग्रॅम दुसऱ्या पद्धतीने लिहायचा. पडद्यावर सगळं झकास. पण काही संकेतस्थळं न दिसणारी चिन्हं 'कचरा' समजून काढून टाकतात, आणि मग 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होतं. विदर्भातून येणाऱ्या दर दुसऱ्या अर्जात हा शब्द असतो. वर्षभर लोक तक्रार करत होते.

दुसरं काम, आतला सांगाडा क्यूटी ५ वरून क्यूटी ६ वर नेणं. हे ठाणेकराने अंगावर घेतलं.

तिसरं काम गुंजाला गोंडी लिपी. गुंजाला हे आदिलाबाद जिल्ह्यातलं गाव, आमच्या कोरपन्याच्या हद्दीपलीकडे, तेलंगणात. तिथे सापडलेल्या हस्तलिखितांवरून ही गोंडीची लिपी सगळ्यांसमोर आली. युनिकोड ११.० मधे, जून २०१८ मधे, तिची ६३ चिन्हं दाखल झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १०.० मधे, मसराम गोंडी आली होती. पण युनिकोडमधे जागा मिळाली म्हणजे पडद्यावर अक्षर दिसलं असं होत नाही. आधी फॉन्ट हवा, मग अक्षरं जोडणारी लायब्ररी, मग ती लायब्ररी वापरणारा सांगाडा, मग आमच्यासारख्यांचा प्रोग्रॅम. प्रत्येकाची आपली रिलीजची तारीख. एक गाडी चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात. आम्ही या रांगेत शेवटचे. नोटो फॉन्ट सोबत देऊन आम्हाला फक्त आमचा डबा जोडायचा होता.

चौथं काम माझं. आपोआप शुद्धलेखन. मजकूर बदलतानाच चुकलेला शब्द ओळखायचा आणि न विचारता दुरुस्त करायचा. आठ महिने रात्री जागून मी हे केलं होतं. २.० चं खरं आकर्षण हेच, असं सगळ्यांचं मत. मी तर एवढा खूश की शंभर स्टिकर छापून घेतले. '२.० - आता आपोआप शुद्ध!'

मग नेहमीचा वाद. तारीख ठरवायची, की झालं की काढायचं?

हा वाद आमच्याएवढाच नाही, ओपन सोर्सएवढा जुना आहे. डेबियनवाल्यांचं ब्रीद 'तयार होईल तेव्हा'. त्यांचं ३.० आलं जुलै २००२ मधे आणि ३.१ आलं जून २००५ मधे. तीन वर्षं! तोवर लोक वैतागून गेले. याच्या उलट ग्नोम आणि उबुंटू. दर सहा महिन्यांनी गाडी सुटणार, तुमचं सामान आलं तर ठीक, नाहीतर पुढच्या गाडीने. पण उबुंटूनेही २००६ मधे एप्रिलचं ६.०४ सहा आठवडे पुढे ढकललं आणि ते ६.०६ झालं. कारण ते बरीच वर्षं सांभाळायचं होतं, घाईत नको म्हणून. म्हणजे तारीख पाळणाऱ्यांनाही कधीतरी थांबावं लागतं.

मार्टिन मिख्लमायर नावाचा एक माणूस डेबियनचा प्रमुख होता. त्याने पुढे केंब्रिजला याच विषयावर पीएचडी केली (२००७). त्याच्या म्हणण्याचा मला समजलेला सार असा: फुकट काम करणाऱ्यांना हुकूम देता येत नाही, पण तारीख देता येते. पुढची गाडी कधी आहे हे नक्की माहीत असलं की माणूस अर्धवट सामान या गाडीत कोंबत नाही.

हे मला फार पटलेलं होतं. बैठकीत मीच हे सगळं ऐकवलं. म्हटलं, मराठीचंच बघा. डेबियन ५.० मधे ६३ भाषांत इन्स्टॉल करायची सोय आली, नव्या भाषांत मराठी होती. ते यायचं होतं सप्टेंबर २००८ ला, आलं १४ फेब्रुवारी २००९ ला. भाषांतर करून बसलेल्या माणसाने पाच महिने काय करायचं? सगळ्यांनी माना डोलावल्या. १ जूनला फ्रीझ, म्हणजे त्यानंतर नवीन काही घालायचं नाही, फक्त दुरुस्त्या. १५ जूनला रिलीज. लिहून टाकलं.

फ्रीझ झाला आणि मी गावी गेलो. बल्लारशाहला उतरायचं, मग राजुरा, गडचांदूर, कोरपना. गडचांदूरपर्यंत सिमेंटच्या कारखान्यांचे ट्रक आणि रस्त्याकडेच्या झाडांवर पांढरी धूळ. पुढे काळी शेतं, नांगरून, वखरून, वाट बघत पडलेली. जूनचा पहिला आठवडा, मृग लागायला आलेला, आभाळात नुसता उकाडा. आमचे बाबा अंगणात खाट टाकून बसले होते. कापसाच्या बियाण्याच्या थैल्या घरात. शेजारच्याने आदल्या दिवशीच्या एका सरीवर पेरून टाकलं होतं.

"तुम्ही नाही पेरलं?" मी विचारलं.

"कायले? एका पाण्यानं वरची माती वल्ली झाली. खाली वीतभर कोरडीच आहे. बी निंगते अन मरते. मंग दुबार पेरा." एवढं बोलून बाबा तंबाखू मळायला लागले. कृषी खातंही हेच सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. बाबांचं माप वीत, एवढाच फरक.

मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मोबाइलला रेंज शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी टायपिंगवाल्या सरांकडे गेलो. शाळेत असताना त्यांच्याकडे मी मराठी तीसची परीक्षा दिली होती. आता सरांचं सेवा केंद्र आहे. दोन संगणक. एक नवा, इंटरनेटचा, अंगठा घ्यायच्या यंत्रासकट. दुसरा जुना, विंडोज ७, नेट नाही. टायपिंग सगळं जुन्यावर, कृतिदेवमधे, मग आमच्या प्रोग्रॅममधून युनिकोड, मग पेनड्राइव्हने नव्या मशीनवर. आमचा प्रोग्रॅम वापरणारा एक माणूस मी पहिल्यांदाच समोर काम करताना बघत होतो. (इतक्या वर्षांत पहिल्यांदा! हे लिहिताना लाज वाटते.)

मी ऐटीत लॅपटॉप काढला. "सर, नवीन आवृत्ती दाखवतो. तुमची एखादी फाइल द्या."

सरांनी दिली. जवळच्या एका पाड्याची यादी होती, गोंड आणि कोलाम घरांची. वनहक्काचा दावा करायचा होता. २००६ च्या कायद्याप्रमाणे दावा आधी ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. नावं, वडिलांची नावं, किती वर्षांपासून जमीन कसतात, असे रकाने. मी फाइल आत टाकली, बटण दाबलं. दोन सेकंदांत युनिकोड. शेतकऱ्यांना हा शब्द अगदी ठणठणीत.

सर चष्मा वर करून बघत राहिले. मग म्हणाले, "बाबू, हे आराम कोण आहे?"

मी बघितलं. यादीत जिथे जिथे आत्राम होतं तिथे तिथे आराम झालं होतं. एक गेडाम होते, त्यांचं गोदाम झालं होतं.

मी हसलो. खोटं कशाला सांगू, आधी हसूच आलं. सर हसले नाहीत. "नाव चुकलं तं दावा वापस येते बाबू. आधारवर एक, यादीत एक, तं साहेब म्हणते माणूसच दुसरा आहे. मंग तो माणूस राजुऱ्याले चकरा मारते. रोजी बुडवून. या लोकायच्या नावाचे आधीच हाल आहेत."

आणि ते खरंच आहे. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग नांदेड, मग १९५९ पासून चंद्रपूर. निजामाच्या दफ्तराची भाषा उर्दू, पलीकडे तेलुगू, इकडे मराठी. आणि ज्यांची नावं लिहायची त्यांची भाषा गोंडी नाहीतर कोलामी. एकाच आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी सापडतं. त्यात आता चौथी तऱ्हा आमची, आपोआप.

चूक कुठे होती हे मला तिथेच कळलं होतं. प्रोग्रॅम काय करतो, तर शब्द यादीत नसला की जवळचा शब्द शोधतो, एखादं अक्षर काढून, घालून, बदलून. 'आत्राम'मधला एक 'त्' काढला की 'आराम'. ही शब्दांची यादी मी बातम्यांच्या आणि लेखांच्या मोठ्या संग्रहातून बनवली होती. त्यात आत्राम होतं. पण यादी फार मोठी होत होती, प्रोग्रॅम जड होत होता, म्हणून कमी वेळा आलेले शब्द मी एका रात्री उडवून टाकले. कुठे रेषा मारायची तो आकडा मीच ठरवला होता. आमच्या कोर्पसमधे पुणं होतं, कोरपना मी स्वतः काढला होता. माझ्या वर्गात दोन आत्राम होते. एकाच्या डब्यातली मोहाची भाकरी मी खाल्ली आहे.

त्या रात्री अंगणात बसून मी सोपा उपाय केला. आडनावांची यादी हाताने घातली. आत्राम, मडावी, सिडाम, टेकाम, कुळमेथे, कोडापे, पेंदोर, गेडाम, उईके... चाळीसेक झाली. पुन्हा चालवलं. आडनावं वाचली, तर पहिली नावं बदलली. ती घातली, तर पाड्यांची नावं बदलली. पाडे घातले, तर आमच्या बोलीतले शब्द 'शुद्ध' व्हायला लागले. पहाटे तीनला मी थांबलो. यादी अपुरी नव्हती. न विचारता दुरुस्त करायचं, हीच कल्पना चुकलेली होती. जो शब्द मला माहीत नाही तो चूकच असणार, असं मी आठ महिने गृहीत धरलं होतं.

शनिवारी रात्री पुन्हा चौघं फोनवर. मी गच्चीत, कारण तिथेच रेंज. मी म्हटलं, "माझं काम काढून टाका."

ठाणेकर म्हणाला, तारीख पुढे ढकल, महिनाभरात नीट कर. मोह झाला, नाही कसं म्हणू? पण मग 'शेतकऱ्यांना'ही महिनाभर थांबणार. ते काम तयार होतं, तपासून झालं होतं, आणि खरीप तोंडावर होता. माझ्या एका कच्च्या सामानासाठी सगळी गाडी फलाटावर? हे भाषण तर मार्चमधे मीच दिलं होतं. नागपूरकराने विचारलं, फ्रीझनंतर एवढा मोठा बदल चालतो का? न्यू जर्सीवाला म्हणाला, "फ्रीझमधे घालता येत नाही. काढता येतं." आमच्या नियमांत तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलं आहे.

मग मी दुसरी गोष्ट सांगितली, सरांच्या विंडोज ७ ची. क्यूटी ६ त्याच्यावर चालत नाही. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मधेच त्याचा आधार काढला, म्हणून आम्हीही बैठकीत एका वाक्यात 'जुनं बंद' लिहून मोकळे झालो होतो. ते एक वाक्य म्हणजे सरांचा जुना संगणक. बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी ठाणेकर, ज्याने चार महिने क्यूटी ६ वर घातले, तोच म्हणाला, "शेतकऱ्यांची दुरुस्ती जुन्या फांदीवरही लावतो. १.६ म्हणून काढू. दोन वर्षं नवीन काही नाही, फक्त दुरुस्त्या." रविवारी दुपारपर्यंत त्याने ते केलं. त्याला भेटलो की जेवण माझ्याकडून.

तर १५ जूनला दोन्ही निघालं, २.० आणि १.६, ठरल्या दिवशी. २.० मधे गुंजाला गोंडी दिसते. शुद्धलेखन नाही. घोषणेत लिहायला चमकदार असं फारसं काही नव्हतं. माझा कोड एका वेगळ्या फांदीवर पडून आहे. पुन्हा केला तर शब्दाखाली फक्त रेघ मारेल, हात लावणार नाही. पण कधी ते आत्ता सांगत नाही.

रिलीजची योजना म्हणजे कामांची यादी आणि एक तारीख, असं मी समजत होतो. ती यादी आम्ही चौघांनी केली, चौघंही वायफायवर, चौघांचीही आडनावं कोणत्याही शब्दकोशात सापडतील अशी. जो माणूस ते वापरणार तो त्या फोनवर कधीच नव्हता. त्याला बोलवायला नको, एकदा त्याच्या दुकानात जाऊन बसलं असतं तरी पुरे होतं. पुढच्या वेळी फ्रीझ १ जूनला असला तर मी मे महिन्यात गावी जाणार आहे, जूनमधे नाही.

सरांना फोन करून १.६ उतरवून घ्यायला सांगितलं.

"नवीन काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही सर. शेतकऱ्यांना नीट येते."

"अन आत्राम?"

"आत्रामच राहते."

"मंग झालं," सर म्हणाले आणि गिऱ्हाइकाशी बोलायला लागले.

ता.क. बाबांनी २३ तारखेला पेरलं. शेजारच्यांची दुबार चालू आहे. आणि 'आता आपोआप शुद्ध!'चे शंभर स्टिकर माझ्याकडे आहेत, कोणाला डब्यांवर चिकटवायला हवे असतील तर कळवा :)